धुराआधीची ऊब

कापसाला लागलेली आग पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. आमच्या माजलगाव-गेवराई-वडवणीच्या पट्ट्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. कडबा पेटला की भडका उठतो, लोक आरडाओरडा करत बादल्या घेऊन धावतात आणि तासाभरात काय व्हायचं ते होऊन जातं. कापूस तसा नाही. तो आतल्या आत धुमसत राहतो. वरून बघावं तर गंजी पांढरीशुभ्र, आणि आत हातभर खोलीवर निखारा! तो दोन दिवसांनी बाहेर येईल, नाहीतर आठवड्याने.

आमच्या घरातले जे लोक हे वाचतात त्यांना आबांची सवय आठवत असेल. आबा जिनिंगवर हिशेबाला होते. आगीशी त्यांच्या कामाचा तसा काही संबंध नव्हता. तरी हंगामात रोज संध्याकाळी निघायच्या आधी ते गंजीभोवती एक चक्कर मारायचे, बाही वर करून तीन-चार ठिकाणी कापसात खांद्यापर्यंत हात खुपसायचे आणि नाक जवळ नेऊन वास घ्यायचे. धुराआधी ऊब येते आणि उबेआधी वास, हे त्यांचं शास्त्र. लहानपणी मला तो खेळच वाटायचा, मीही हात घालायचो आणि सरकी टोचली की ओरडायचो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण असं की गेले काही महिने मी फावल्या वेळात एक विषय वाचतोय. मालाच्या गोदामात, ट्रकमध्ये, जहाजात, विमानात आग लागायच्या आत ती कशी ओळखायची, आणि त्यासाठी बिनतारी सेन्सर कसे वापरतात. विषय ऐकून आमच्या सौ.नी जांभई दिली. पण वाचता वाचता असं लक्षात आलं की हा सगळा इतिहास म्हणजे आबांच्या त्या हाताला पर्याय शोधण्याचा इतिहास आहे. आणि त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण आपल्याच मुंबईत घडलंय.

पण आधी कापूस असा का वागतो ते बघू. रुईत नुसती हवा भरलेली असते. आपल्याकडची दाबलेली गाठ १७० किलोची. प्रेसमध्ये कितीही आवळली तरी तंतूंच्या मधे हवा राहतेच. निखाऱ्याला भडकायला ती पुरत नाही, पण जिवंत राहायला पुरते. शिवाय रुई उष्णता धरून ठेवते (उगाच का आपण रजईत भरतो!), म्हणून आतली धग बाहेर येत नाही आणि बाहेरचं पाणी आत जात नाही. गाठीवर पाण्याचा फवारा मारला तर वरचा थर भिजतो, फुगतो आणि आतल्या निखाऱ्याला छत्री धरल्यासारखं होतं.

ठिणगी येते कुठून? विडी हे एक कारण, आणि जरा जास्तच सोयीचं कारण. पण जिनिंगमधल्या माणसाला विचारा. तो सांगेल, कापसात खडा असतो, खिळा असतो, विळ्याचा तुटका तुकडा असतो. तो जिनच्या रोलरवर आणि सुरीवर आपटला की ठिणगी उडते. ती रुईबरोबर पुढे जाते, पंख्याच्या वाऱ्याने आणखी फुलते आणि प्रेसमध्ये जाऊन गाठीत बंद होते. मग ती गाठ शिवून, शिक्का मारून, ट्रकवर चढून शंभर-दोनशे मैल जाते. आग जिथे लागली तिथे कुणालाच कळत नाही आणि जिथे कळते तिथल्या माणसांचा तिच्याशी काही संबंध नसतो. परक्याचं पाप यांच्या पदरात.

ओलाव्याचं प्रकरण आणखी वेगळं. ओली सरकी, ओला कडबा, उसाचं भुसकट हे ढीग करून ठेवले की आपोआप तापतात. त्यात जिवाणू आणि बुरशी काम करत असतात, त्यांची ऊब साठत जाते आणि एका मर्यादेनंतर पुढचं काम हवेतला प्राणवायू करतो. आपल्याकडे 'धान्य उबलं' म्हणतात ना, तेच. जहाजी मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ओल्या कापसाला आपणहून पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गात टाकलंय आणि कोरड्याला सहज पेटणाऱ्यांच्या. म्हणजे एकाच कापसाला दोन जाती.

मराठवाड्यात पेवं होती तेव्हाची एक गोष्ट आमची आजी सांगायची. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार, वर तोंड लहान आणि आत घागरीसारखं पोट. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी वारं लागू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. आतल्या ज्वारीने प्राणवायू संपवलेला असतो, नको ती हवा तळाशी साचलेली असते आणि नुसत्या डोळ्याला त्यातलं काही दिसत नाही. घाई करून उतरलेली आणि वर न आलेली माणसं गावोगाव होऊन गेली. आता तो दोरीला बांधलेला कंदील म्हणजे दुसरं काय हो? जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथली बातमी वर आणणारं यंत्र. फक्त त्याला दोरी लागायची.

असो. आता मुंबईकडे.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट आठवते, बाबासाहेबांची जयंती. बीडमध्ये त्या दिवशी रस्ते निळे होतात. पण त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो आणि तो का, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी येऊन लागलं होतं. युद्धाचे दिवस. हे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि तिथून मुंबईला आलं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या, आणि कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार असं काय काय भरलं होतं. कप्तानाचं नाव अलेक्झांडर नायस्मिथ. असला माल एकत्र भरायला तो नाखूष होता म्हणतात, पण युद्धात जहाजं कमी आणि माल फार. दोन नंबरच्या तळघरात खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं, अशी ती मांडणी होती. आपल्या घरात कुणी चुलीवर रॉकेलचा डबा ठेवत नाही...

(हा कापूस आपल्याकडचा नव्हता. कराचीला चढला म्हणजे सिंध-पंजाबकडचा. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.)

दुपारी साडेबाराच्या सुमारास गोदीतल्या दुसऱ्या जहाजावरच्या लोकांना स्टिकीनच्या हवा जायच्या नळकांड्यांतून धुराची पुसट वलयं येताना दिसली. कुणी काही बोललं नाही. त्यांचं जहाज नव्हे, आणि त्या जहाजावरच्या लोकांना कळलंच असेल की! हमाल जेवायला गेले होते. दीड-पावणेदोनला ते परत तळघरात उतरायला लागले तेव्हा धूर दिसला आणि आरडाओरड झाली. म्हणजे धूर बाहेर आल्यानंतरचा तासभर असाच गेला. धूर बाहेर येण्याआधी आत किती वेळ धुमसत होतं ते देवाला ठाऊक. आग नेमकी कशाने लागली हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. चौकशी समितीने विडी-सिगारेटचा संशय घेतला.

पुढचे दोन तास वाचताना मला दर वेळी त्रास होतो. आग विझवायला गेलेल्या माणसाला बंबखान्याला मोठा निरोप द्यायचा होता, की बरेच बंब पाठवा, प्रकरण गंभीर आहे. त्याला जो फोन सापडला त्याला नंबर फिरवायची तबकडीच नव्हती. मग त्याने आगीच्या सूचनेची काच फोडली. तिकडे नेहमीची सूचना पोहोचली आणि नेहमीसारखे दोन बंब निघाले. जहाजात दारूगोळा आहे हे सांगणारा लाल बावटाही वर चढवलेला नव्हता. त्यामुळे गोदीतल्या कितीतरी माणसांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत याची कल्पनाच नव्हती. लोक उभे राहून आग बघत होते.

पाणी शेकडो टन ओतलं. पण नेमकी आग तळघरात कुठे आहे हेच कुणाला कळेना. धुरामुळे आत जाता येईना. थोड्या वेळाने जहाजाच्या बाहेरच्या अंगाला एका ठिकाणी लोखंडावरचा रंग फुगून पापुद्रे निघायला लागले, म्हणजे आग त्या जागी होती. तिथे भोक पाडून सरळ आगीवर पाणी मारावं म्हणून गॅस कटर आणला, तर तो चालला नाही. आणि ओतलेल्या पाण्याने उलटंच केलं. कापूस पाण्यावर तरंगतो. तळघरात जसजसं पाणी चढत गेलं तसतसा पेटता कापूस वर वर जात राहिला, स्फोटकांच्या दिशेने. जहाज जागच्या जागी बुडवावं की ओढून समुद्रात न्यावं यावर अधिकाऱ्यांची चर्चा चालू होती. तो निर्णय कुणाचा, हेच ठरत नव्हतं.

चार वाजून सहा-सात मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पेटत्या कापसाचा पाऊस शहरावर पडला आणि मैलभर परिघात आगी लागल्या. 'जालपद्मा' नावाचं जहाज उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली (त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली). मेलेल्यांचे आकडे ८०० पासून १३०० पर्यंत वेगवेगळे सांगतात, जखमी हजारोंनी. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. सप्ताह त्यांच्या नावाने. मलबा काढायला हजारो माणसं सात महिने राबत होती.

मी अभियंता नाही, इतिहासकार तर नाहीच नाही. पण या दिवसाकडे बघताना मला स्फोटापेक्षा तो साडेबारा ते पावणेदोनचा वेळ मोठा वाटतो. त्या वेळात आग एका गाठीची असेल, दोन गाठींची असेल. एक माणूस, एक हात आणि एक नाक त्या जागी असतं तर ती गाठ ओढून समुद्रात टाकता आली असती. पण भरलेल्या तळघरात माणूस नसतो. तिथे माणूस नसणं हीच तर साठवणुकीची व्याख्या आहे. माल रचला, झाकण लावलं, निघून गेलो.

हे जगाला तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर किड याच्या कंपनीने जहाजांसाठी एक पद्धत बाजारात आणली होती. प्रत्येक तळघरातून एक बारीक नळी वर सुकाणूच्या खोलीपर्यंत आणायची, पंख्याने हवा ओढत राहायची आणि सगळ्या नळ्यांची तोंडं एका काचेच्या पेटीत दिव्यासमोर ठेवायची. ज्या नळीतून धूर दिसेल त्या तळघरात आग. मग त्याच नळीतून उलट कार्बन डायऑक्साइड सोडायचा! मला ही युक्ती फार आवडली. जुन्या काळच्या माणसाने केलेली असावी तशी साधी. हवा ओढून धूर तपासणारी जहाजांवरची आजची व्यवस्था याच युक्तीचा वंश. फक्त तिलाही धूरच लागतो, म्हणजे आबांच्या हिशेबाने तिसरी पायरी.

मग बिनतारीची गोष्ट सुरू होते ती अगदी अलीकडे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात क्रिस पिस्टर नावाच्या प्राध्यापकाने 'स्मार्ट डस्ट' ही कल्पना मांडली. हुशार धूळ म्हणा हवं तर. इतके बारीक सेन्सर करायचे की ते मुठीने उधळता यावेत, प्रत्येकाला थोडी बुद्धी, थोडी बॅटरी आणि एक इवलासा रेडिओ. प्रत्यक्षात धुळीएवढे झाले नाहीत, काडेपेटीएवढे झाले. २००२ साली ते एका बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत ठेवून पाहिले, पक्ष्यांना त्रास न देता बिळातलं तापमान कळावं म्हणून. २००३ मध्ये अशा कमी ताकदीच्या रेडिओंसाठी ८०२.१५.४ नावाचं मानक आलं, त्यावर झिगबी उभं राहिलं. आपल्या सरकारनेही २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कामांसाठी बिनपरवाना मोकळा केला.

यातली खरी गंमत सेन्सरपेक्षा त्यांच्या बोलण्यात आहे. एका सेन्सरचा आवाज लांब जात नाही. म्हणून तो शेजारच्याला सांगतो, शेजारचा पुढच्याला. स्लॅब टाकताना घमेली कशी हातोहात वर जातात, तसं. मधला एक माणूस पाणी प्यायला गेला तर रांग जरा वळते आणि घमेलं दुसऱ्या हातातून जातं. बाकी वेळ हे सेन्सर झोपलेले असतात, काही मिनिटांनी एकदा जागे होऊन तापमान सांगतात आणि परत झोपतात. म्हणून एक बॅटरी काही वर्षं पुरते. आमच्या गावच्या लाइनमनची आठवण झाली, पण ते जाऊ दे.

विमानांनी ही गोष्ट पुढे ढकलली, आणि तीही माणसं गमावून. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून जर्मनीकडे निघालेलं यूपीएसचं मालवाहू जंबो विमान उडाल्यानंतर बावीसेक मिनिटांनी आगीची घंटा वाजली. मालात लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. घंटा वाजल्यावर काही मिनिटांतच विमानाच्या नियंत्रणात बिघाड सुरू झाला, खोली धुराने भरली, समोरचं दिसेना. दोन्ही वैमानिक गेले. आता नियम असा की आग लागल्यापासून एका मिनिटात वैमानिकाला सूचना मिळाली पाहिजे. पण सूचना देणारं यंत्र छताला, आणि आग कुठे? पेटीच्या किंवा आच्छादन घातलेल्या ढिगाच्या आत. धूर त्या आच्छादनाच्या बाहेर येईपर्यंत आतली आग चांगली बाळसं धरलेली असते. २०१२ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शिफारस केली की आग पेटीच्या आत सुरू होते तेव्हाच ओळखता आली पाहिजे. म्हणजे आबांसारखा हात आतच हवा. तारेने ते होणार नाही, कारण पेट्या रोज चढतात, उतरतात, विमानं बदलतात. प्रत्येक वेळी तार कोण जोडणार? बिनतारी हवं ते एवढ्यासाठी.

समुद्रावर मात्र गाडी हळू चालली आहे. आणि कारण विचित्र आहे. लोखंडी कंटेनर म्हणजे रेडिओच्या लहरींना बंद पेटी. आत सेन्सरने कितीही बोंब मारली तरी बाहेर ऐकू येत नाही. अँटेना दाराच्या फटीपाशी आणावी लागते किंवा भोक पाडावं लागतं, आणि दुसऱ्याच्या कंटेनरला भोक कोण पाडू देणार! वर अशा हजारो पेट्या एकावर एक रचलेल्या. म्हणून अजून बहुतेक जहाजांवर धूर दिसणे हीच पहिली बातमी असते. ९ जून २०२५ ची गोष्ट ताजी आहे. 'वान हाय ५०३' हे जहाज कोलंबोहून आपल्या न्हावाशेव्याला येत होतं. केरळच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात त्यावर स्फोट होऊन आग लागली. बावीस माणसांपैकी अठरांना वाचवलं, चौघे बेपत्ता झाले आणि जहाज कितीतरी दिवस जळत राहिलं. त्याआधी २०१८ मध्ये अरबी समुद्रातच 'मर्स्क होनाम'वर पाच जण गेले. २०२१ मध्ये कोलंबोसमोर 'एक्स-प्रेस पर्ल' जळलं आणि बुडालं. १९४४ ला ऐंशी वर्षं होऊन गेली, तरी बंद झाकणाखाली काय चाललंय हे वरच्या माणसाला उशिराच कळतं.

आपल्या जिल्ह्यात याचं काय, असं नातेवाईक मंडळी विचारतील. तर परळीकडे बघा. परळीच्या औष्णिक केंद्राचे पहिले संच १९७१ चे. तेव्हापासून तिथे रेल्वेने कोळसा येतोय आणि ढिगात साठतोय. कोळसा हा कापसाचा थोरला भाऊ. त्याला ठिणगीही लागत नाही. हवेतला प्राणवायू हळूहळू शोषून तो स्वतःच तापतो, आणि साठ-सत्तर अंशांच्या पुढे गेला की वेग धरतो. परळीत वाढलेल्या माझ्या एका मित्राने सांगितलं होतं की हिवाळ्यात सकाळी काही ढिगांतून वाफ निघताना दिसायची आणि रॉकेलसारखा वास यायचा. हा वास म्हणजेच सूचना. त्यावर उपाय जुनेच: बुलडोझर फिरवून ढीग दाबायचा, आधी आलेला कोळसा आधी जाळायचा, पाणी मारायचं. आणि पाण्याचं तर परळीत तुम्हाला माहीतच आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी सगळं केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं.

कोळशाच्या खाणीत शंभर वर्षांपूर्वीच एक गोष्ट कळली होती. ग्रॅहॅम नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं की कोळसा तापायला लागला की धुराच्या कितीतरी आधी कार्बन मोनॉक्साइड निघतो. हवेतला प्राणवायू किती कमी झाला आणि हा वायू किती वाढला यांचं प्रमाण बघत राहिलं तर आत काय चाललंय ते कळतं. कापसाचंही तेच. आणि इथे मला आबांच्या पद्धतीतली मर्यादा समजली. रुई उष्णता धरून ठेवते हे वर लिहिलंच आहे. म्हणजे निखाऱ्यापासून दोन हातांवर तुमचा हात असेल तर त्याला काहीच लागणार नाही! सेन्सरचंही तसंच, नुसतं तापमान मोजणारा सेन्सर प्रत्येक हातभर अंतरावर लावावा लागेल. वायू मात्र फटीफटीतून वर येतो. आबांचं नाक त्यांच्या हातापेक्षा हुशार होतं, एवढाच त्याचा अर्थ. फक्त कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आबांना येत होता तो करपल्याचा.

आपल्याकडच्या जिनिंगमध्ये हे लावायचं तर अडचणी आपल्याच आहेत. धूर ओळखणारं साधं यंत्र कापसाच्या धुळीने आठवड्यात गुदमरतं. वायूचा सेन्सर आवारात ट्रक चालू राहिला तरी ओरडतो. पन्नास अंशांना सूचना द्या म्हणून सांगून ठेवावं, तर आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं तापमान न पेटताही होतं. त्यामुळे आकडा बघून चालत नाही. काल याच वेळी किती होतं आणि शेजारच्या सेन्सरला आत्ता किती आहे, हे दोन्ही बघावं लागतं. एकदा खोटी सूचना आली की लोक उठतात, दोनदा आली की शिव्या देतात, तिसऱ्यांदा कुणीतरी बॅटरी काढून ठेवतं. आणि ते काही अडाणी असतात म्हणून नाही. रात्री दोनदा उगीच उठवलेला माणूस दुसरं काय करेल?

ट्रकचं तर आणखी अवघड. दिवाळीनंतर आपल्या रस्त्यांनी कापसाचे ट्रक कसे भरून जातात ते पाहिलंय ना? दोन्ही बाजूंनी फुगलेले, वर विजेच्या तारांना टेकतील इतके. चालत्या ट्रकला वारा लागत असतो, आणि मागे काय धुमसतंय हे ड्रायव्हरला कळतं ते कुणी मोटरसायकलवाला ओरडत पुढे आला तर. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरपर्यंतची. तोवर परळीकडचा भाग सोडला तर जिल्ह्याचा सगळा माल रस्त्यानेच जात होता. उद्या गाठी वॅगनने जायला लागतील तेव्हा बंद वॅगनमध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढे तीनेक दशकं खरेदी केंद्रांच्या आवारात उघड्यावर कापसाच्या डोंगराएवढ्या गंज्या लागत. 'कापसाच्या गंजीला आग' ही बातमी दर हिवाळ्यात पेपरात ठरलेली. त्या बातमीखाली आणखी एक ओळ ठरलेली असे, आग लागली की लावली याची चौकशी सुरू आहे. मापात मारलेला कापूस आगीत दाखवला, विम्यासाठी पेटवला, असं लोक उघड बोलत. काही ठिकाणी खरंही असेल. पण पहिला हात पडायचा तो रखवालदारावर.

आमच्या ओळखीचे एक काका असे होते. गाव आणि केंद्र दोन्ही लिहीत नाही. रात्रीची राखण, गंजीच्या कडेलाच घोंगडी टाकून. पहाटे धूर दिसला, त्यांनीच ओरडून लोक गोळा केले. तरी ते विडी ओढत होते का, हा प्रश्न त्यांना वर्षभर विचारला गेला. ते विडी ओढायचे, गावातले सगळेच ओढायचे. त्या गंजीत निखारा दोन दिवस आधीपासून असू शकतो, तो कापसाबरोबर गाडीतून आलेला असू शकतो, हे सांगणारं कुणी नव्हतं. आबांनी सांगितलं होतं म्हणे, पण आबांच्या हाताची नोंद कुठल्या वहीत होती? काकांना परत कुणी राखणीला ठेवलं नाही. मुंबईच्या चौकशीतही शेवटी संशयाला विडी-सिगारेटच सापडली, हे वाचलं तेव्हा मला तेच आठवले.

सेन्सरबद्दल लिहिणारे बहुतेक लोक माल किती वाचेल, विम्याचा हप्ता किती उतरेल हे सांगतात. ते बरोबरच आहे, कारण पैसे देणारे तेच ऐकतात. पण त्या काडेपेटीएवढ्या डबीत आणखी एक गोष्ट असते, वेळ आणि तापमानाची नोंद. मंगळवारी रात्री अकरापासून उत्तरेकडच्या कोपऱ्यात सहा फूट खोल वायू वाढायला लागला, बुधवारी ऊब, गुरुवारी पहाटे धूर. अशी एक पट्टी कागदावर छापून त्या वेळी कुणी साहेबांपुढे ठेवली असती, तर गुरुवारी रात्री राखणीला कोण होतं हे विचारायची गरजच पडली नसती.

काकांचा नातू आता संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, डबी बनवणं अवघड नाही, तीन-चार दिवसांचं काम आहे. ती जिनिंगवाल्यानं का विकत घ्यावी ते आधी सांगा." मी अजून त्याला नीट उत्तर दिलेलं नाही. येत्या हंगामात एका गंजीत चार-पाच डब्या ठेवून बघू या, असं मात्र आमचं ठरलंय.